उरलेले ९७ किलो

गोबर गॅसचं गणित कुणीतरी एकदा भर ग्रामसभेत मांडायला हवं. दोन घनमीटरचा घरगुती संच घ्या. त्यात रोज सकाळी पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून ओतायचं. म्हणजे १०० किलो शेणकाला आत गेला. त्यातून दिवसभरात जो दोन घनमीटर गॅस निघतो, त्याचं वजन भरतं सव्वादोन-अडीच किलो. उरलेले ९७ किलो पलीकडच्या तोंडातून निवांत बाहेर येतात. वजनाच्या हिशेबानं पाहिलं तर गोबर गॅस हा पातळ शेण या तोंडानं घेऊन त्या तोंडानं सोडणारा कारखाना आहे. गॅस हा त्याचा जोडधंदा.

पण कौतुक सगळं अडीच किलोंचं. नारळ त्यांच्यासाठी फुटतो, हार त्यांच्या शेगडीला पडतो, सरपंच कळ फिरवतात, निळी ज्योत येते, टाळ्या होतात आणि पहिला चहा उकळतो. तो चहा पिताना प्रत्येक पाहुणा न चुकता म्हणतो, "वास अजिबात येत नाही हं!" म्हणजे कपाला ओठ लावण्याआधी प्रत्येकानं नाक लावलेलं असतं. मंडळी पांगतात, हार सुकतो, आणि घरामागं दुसऱ्या दिवसापासून रोज शंभरेक लिटर हिरवट-काळी रबडी जमू लागते. तिचं काय करायचं हे भाषणात नसतं. भाषणात तिचा उल्लेख एवढाच असतो की, 'शिवाय उत्तम खतही मिळतं.' या 'शिवाय'वर मराठी शेतकऱ्यानं आजवर किती चिखल तुडवला असेल, त्याला सुमार नाही.

हे 'शिवाय' कसं दिसतं ते पाहायला मी आहुप्याला गेलो. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक. घोडेगाव मागं टाकायचं, डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत राहायचं, आणि वळणं संपली की गाव. गाव संपलं की पुणे जिल्हाच संपतो आणि जमीन कड्यावरून थेट मुरबाडात उतरते. समोर सिद्धगड, गोरखगड, गावाजवळ देवराई. लोक इथं धुकं पाहायला येतात, कडा पाहायला येतात, काजवे पाहायला येतात. त्यामुळं मी यजमानांच्या गोठ्यामागं वळलो तेव्हा त्यांना वाटलं पाहुणा वाट चुकला.

"सर, कडा त्या अंगाला हाये."

मी म्हटलं, "दादा, मला स्लरी बघायचीय."

दादांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यांना माझ्या प्रकृतीची चौकशी करावीशी वाटत होती, पण पाहुणचार आड येत होता.

आता आहुप्याच्या गुरांची गोष्ट. पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन घनमीटरच्या संचाला चार-पाच जनावरं पुरतात. पुस्तकातली गाय गोठ्यात बांधलेली असते. आहुप्यातली गाय सकाळी उठून रानात जाते, दिवसभर डोंगर हिंडते आणि दिवेलागणीला घरी येते. मधल्या वेळात तिच्या शेणाचा मोठा हिस्सा ती रानाला देऊन आलेली असते. हे रान म्हणजे भीमाशंकर अभयारण्याचा शेजार. १९८५ साली शेकरूच्या भल्यासाठी राखलेल्या या जंगलाला आहुप्याची गुरं चाळीस वर्षं विनामोबदला खत घालताहेत आणि त्याची नोंद कुठल्याही व्यवस्थापन आराखड्यात नाही, असं दादांचं ठाम मत आहे. थोडक्यात, पुस्तकातल्या पाच गुरांच्या जागी इथं आठ-दहा लागतात आणि संचाला मिळतं ते फक्त रात्रपाळीचं शेण.

ते शेण कालवायचं काम वहिनींचं. अनुदानाचा अर्ज दादांच्या नावावर, बँकेचं खातं दादांचं, उद्घाटनाच्या फोटोत दादा. आणि रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडणं, काड्या-दगड वेचणं आणि तोंडाशी ढवळणं वहिनींच्या वाट्याला. संच बसल्यापासून त्यांची लाकडाची मोळी हलकी झाली आणि धूर गेला, हे खरंच. पण उरलेल्या ९७ किलोंचा विषय निघाला की घरात पुरुषमाणसं एकदम फोन उचलतात.

ही रबडी एवढी अवघड का, ते समजून घेण्यासारखं आहे. शेणातला नत्र बराचसा बांधलेला असतो. संचाच्या पोटात हवेशिवाय जगणारे जंतू तो सोडवतात, कर्बाचा गॅस करून टाकतात आणि नत्राचा मोठा वाटा अमोनियाच्या रूपात मोकळा करतात. म्हणून ही ताजी रबडी, म्हणजेच स्लरी, पिकाला लगेच लागू पडते. पण जे लगेच लागू पडतं ते लगेच उडूनही जातं. उन्हात पसरली की अमोनिया हवेत. पावसात सोडली की ओढ्यात. साठवावी म्हटलं तर त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. शंभर लिटरमागं घन पदार्थ म्हणाल तर सहा-सात किलो.

बरं, ताजी ताजी शेतात घालावी, तर शेत कुठाय? बागायती गावात बारा महिने काही ना काही उभं असतं. पाटाच्या पाण्यात स्लरी सोडली की काम झालं. आहुप्यात भात, नाचणी, वरई सगळं पावसाळ्याचं. संच बारमाही आणि शेत चारमाही. ऑक्टोबरपासून मेअखेर आठ महिने धरले तर २४ हजार लिटर रबडी. म्हणजे दोन टँकर भरून, तेही अशा गावात जिथं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येईल याची वाट पाहावी लागते.

हे सगळं घरातल्या आजींना समजावून सांगितलं. आजी उंबऱ्यात बसून बाळहिरडा निवडत होत्या. या पट्ट्यात उन्हाळ्यात घरोघरी अंगणात हिरडा वाळत पडलेला असतो. घरखर्चाला त्याचा मोठा आधार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "म्हंजी त्याचं पोट सुटलंय. हिरडा द्या."

मी हसलो, पण निदान अर्ध्याहून अधिक बरोबर होतं. संचातले मिथेन करणारे जंतू आणि गायीच्या कोठ्यातले जंतू एकाच कुळातले. गोबर गॅस म्हणजे विटांनी बांधलेलं दुसरं पोटच. त्याला पाणी जास्त पाजलंय, ते पातळ होणारच. मग पोट आवळायचं कशानं, एवढाच प्रश्न.

गावात त्यावर आजवर बरेच प्रयोग झाले, म्हणजे आपोआप झाले. पहिला प्रयोग पावसाचा. आषाढात स्लरीचा उघडा खड्डा तुडुंब भरतो आणि खत न्यायला पाटी-खोऱ्याची गरजच उरत नाही. ते स्वतः चालत शेतात जातं. फक्त शेत आपलं असेलच असं नाही. आहुप्याची भातखाचरं पायऱ्या-पायऱ्यांची. दादांचा खड्डा वरच्या अंगाला, खाली भावकीतल्याचं खाचर. एका वर्षी खालच्या खाचरातला भात असा काळाशार झाला की त्या गृहस्थांनी कोणतं बियाणं वापरलं हे विचारायला लोक येऊ लागले. तेही सांगत, "काय न्हाय, जरा मेहनत घेतली." भावकीत बांधावरून भांडणं होतात हे ठाऊक होतं, नत्रावरून झालेलं भांडण मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि तिथंही थांबत नाही ते. घोड नदीचा उगम याच डोंगरातला. खाचरातून ओढा, ओढ्यातून घोड, घोडीतून डिंभ्याचा जलाशय, तिथून कालव्यानं थेट शिरूरकडे. आहुप्याच्या गायी डोंगर चढायच्या आणि ऊस गोड व्हायचा शिरूरचा.

दुसरा प्रयोग उन्हाचा. घरामागच्या कातळावर स्लरी पसरून द्यायची. चार दिवसांत खडखडीत पापुद्रे. दिसायला सुबक, हाताला हलके, पोत्यात भरायला सोपे. पण मोकळा झालेला नत्र जवळजवळ सगळा तोवर आभाळात गेलेला. उरतं ते खत म्हणून वाईट नाही, पण ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच त्यात नाही. कुणीतरी त्याच्या गोवऱ्याही थापल्या. त्या चुलीत घातल्या तर नुसत्या धुमसत राहिल्या. जळण्याजोगं जे होतं त्यातलं बरंचसं आधीच शेगडीत जळून गेलं होतं. एकाच शेणानं दोनदा चहा करायचा हा मनसुबा होता.

तिसरा प्रयोग राखेचा. चुलीची राख उकिरड्यावर टाकायची ही चार पिढ्यांची सवय. राखेत पालाश असतं, कोरडीही असते, पातळ रबडी आवळायला उत्तम, असं वाटणं साहजिकच. पण राख अल्कधर्मी. ती स्लरीत पडली की अमोनिया हात जोडून उभा असतो, दार उघडलं म्हणून. खड्ड्यावर वाकलं की नाकात झिणझिण्या. ही झिणझिणी म्हणजे युरियाचं पोतं उसवल्याची खूण, एवढं कळलं तरी निम्मी शेतीशाळा झाली. राख टाकावी, पण वेगळी, खाचरात, थेट.

चौथा प्रयोग फोनवरचा. दादांचा मुलगा चाकणला कंपनीत. तो रोज एक व्हिडिओ पाठवतो. त्यात कुणी गूळ घालायला सांगतं, कुणी बेसन, कुणी वडाखालची माती, कुणी बाटलीतलं द्रावण, आणि शेवटी एक नंबर येतो ज्यावर ते द्रावण मागवता येतं. वहिनींचं यावर म्हणणं असं की गूळ आणि बेसन घरात असेल तर त्याचे लाडू होतील.

गंमत अशी की याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच तयार होऊन पडलेलं आहे, आणि तेही जुनं. शेणा-मैल्यातून गॅस काढायची कल्पना आपल्याकडं काल आलेली नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यावरचा असा संच चालत होता. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करण्याचा ध्यास घेतला, आणि त्यांच्या वाटेवरून पुणे जिल्ह्यातच, देहूला, डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला गोबर गॅस जोडून दाखवला. ते सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. पण रोग्याच्या पोटात औषध ढकलण्यापेक्षा त्याच्या पोटातून बाहेर पडलेल्याची सोय लावणं अधिक गुणकारी, हे त्यांनी ओळखलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. घाणीकडं पाठ न करणाऱ्या माणसाची दखल घ्यायला आपल्याला साधारण एवढाच वेळ लागतो.

आणि घट्ट खताचं म्हणाल, तर यवतमाळच्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका. त्यांच्या टाक्याचं माप आजही कृषी सहायकाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. आत पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेल्या मातीचा थर, असे थरावर थर. पाचोळा साधारण १४०० ते १५०० किलो, माती पावणेदोन टन, शेण फक्त नव्वद-शंभर किलो, आणि पाणी दीड-दोन हजार लिटर. तीन-चार महिन्यांत खत.

आता या पाककृतीकडं आहुप्याच्या गोठ्यामागं उभं राहून बघा. शेण कमी आणि पाणी फार, असं नाडेप मागतं; आणि आपल्या संचाची तक्रार नेमकी हीच की शेण कमी आणि पाणी फार! दीड-दोन हजार लिटर पाण्याच्या जागी पंधरा-वीस दिवसांची स्लरी टाक्यात जिरून जाते. पाचोळ्यात कर्ब भरपूर पण नत्र नाही, म्हणून तो एकटा वर्षभर कुजत बसतो. स्लरीत नत्र मोकळा पण कर्ब गॅस होऊन गेलेला, म्हणून ती एकटी उडून जाते. दोघं एकत्र आले की जंतू कर्ब खाता खाता तो मोकाट नत्र स्वतःच्या अंगात बांधून घेतात, वरचा मातीचा थर निसटता अमोनिया धरतो, आणि ढीग आतून तापून पाणी सोडतो. पोट आवळलं. हिरड्याची गरज पडली नाही, हे ऐकून आजी थोड्या हिरमुसल्या.

पाचोळा इथं विकत आणायचा नाही. देवराई सोडून बोलतोय. देवराईतलं पानही कुणी उचलत नाही आणि उचलूही नये. पण बांधावरच्या, परसातल्या झाडांखाली फाल्गुन-चैत्रात पातेऱ्याचा घोट्याएवढा थर पडतो. अडचण एकच. त्या पातेऱ्यावर राबाचा हक्क आधीचा.

राबाला हात लावणं म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेला बाजूला करण्यासारखं. रोपं टाकायच्या जागेवर शेण, पातेरा, कवळाच्या फांद्या, माती यांचे थर रचून भाजायचे. त्यानं तण मरतं, किडीची अंडी मरतात, राख मिळते आणि रोपं तरतरीत येतात. साहेबलोकांना हे जाळणं फार खुपायचं. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यानं एकोणिसाव्या शतकातच राबावर प्रयोग केले, आणि इंग्लंडहून आलेल्या डॉ. व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांची दखल घेतली. सुधारायला म्हणून आलेल्या या गृहस्थांनी लिहून काय ठेवलं, तर हिंदुस्थानातला चांगला रयत सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच. सव्वाशे वर्षांनी मीही तेच सांगणार होतो. अहवाल न लिहिता, चहा पिऊन.

त्यामुळं राब बंद करा असं म्हणायला मी धजलो नाही. फक्त हिशेब मांडला. राबातलं शेण भाजलं की त्याचा नत्र धुरावाटे जातो. तेच शेण आधी संचातून फिरवलं तर गॅस मिळतो, नत्र खड्ड्यात राहतो, आणि राबाला पातेरा, फांद्या आणि माती तेवढी पुरवायची. रोपांना भूक लागली तर वरून मूठभर तयार खत. दादा म्हणाले, "बघू." आंबेगावच्या पश्चिम भागात 'बघू' याचा अर्थ 'नाही' होत नाही. 'शेजारी करील तेव्हा बघू' असा होतो.

शेजाऱ्यानं करावं म्हणून जे सुचवलं ते अगदी बिनखर्चाचं. संचाच्या पलीकडच्या तोंडाशी, सावलीत, दोन खड्डे, शेजारी-शेजारी. वर काठ्यांचा मांडव आणि कागद, कारण पाऊस हा इथला सर्वात मोठा खतचोर. तळाला दगड-विटांचे तुकडे, त्यावर वीतभर पातेरा. रोजची स्लरी त्यावर सोडायची, वर पाटी-दोन पाटी पातेरा आणि दोन मुठी माती. घन भाग पातेऱ्यावर अडकतो, पाणी गाळून खालच्या डबक्यात जमतं. ते पाणी उन्हाळ्यात उद्याचं शेण कालवायला घ्यायचं, पण निम्मं चांगलं पाणी घालून, कारण तेच ते पाणी फिरवत राहिलं तर अमोनिया वाढत जाऊन संचाचेच जंतू बेजार होतात. जास्तीचं पाणी पातळ करून परसातल्या मिरच्या-भोपळ्याला. एक खड्डा भरला की झाकायचा, दुसरा चालू. महिन्या-दीड महिन्यानं एकदा पलटायचा. पलटल्यावरही ढीग तापला नाही, मुठीत दाबल्यावर पाणी निथळलं नाही आणि नाकाला मातीचा वास आला, की खत स्थिर झालं. मग ते पोत्यात भरा, मृगापर्यंत ठेवा, कुठं पळत नाही.

वहिनींनी यातला मुद्द्याचा भाग लगेच पकडला. "म्हंजी पाणी आणायच्या खेपा निम्म्या?"

मी म्हटलं, "तेवढ्या."

"मग हे तुम्ही आधी सांगायचं. नत्राचं नंतर."

खरंच आहे. दिल्लीनंही नत्राचंच आधी सांगितलं. गोबर गॅसच्या रबडीला आता सरकारदरबारी 'द्रवरूप किण्वित सेंद्रिय खत' असं भारदस्त नाव आहे, आणि २०२३ साली मोठ्या प्रकल्पांच्या अशा खताच्या विक्रीला टनामागं १५०० रुपयांचं साहाय्यही जाहीर झालं. मोठे प्रकल्प टनात मोजतात आणि बाजारात विकतात. आहुप्याचं माप पाटी, आणि बाजार म्हणजे चार पावलांवरचं खाचर. इथल्या खताला विक्री-साहाय्याचा उपयोग नाही. इथं साहाय्य हवं ते संच बसवतानाच, त्याच्या अटीत.

तर माझी सूचना अशी. गोबर गॅसचं अनुदान दोन हप्त्यांत द्यावं. निम्मं ज्योत पेटल्यावर, नेहमीसारखं, हार-नारळासकट. उरलेलं चार महिन्यांनी. तेव्हा साहेबांनी स्वतः घरामागं जायचं, वाकायचं, खड्ड्यातलं मूठभर खत उचलायचं आणि हुंगायचं. नाकात झिणझिणलं तर हप्ता अडवावा. मातीचा वास आला तर तिथंच सही करावी. अडीच किलोंना एक हप्ता आणि ९७ किलोंना एक, यात अन्याय झालाच तर ९७ किलोंवर होईल, आणि त्यांना त्याची सवय आहे.

दादांनी लगेच व्यवहारातली खोच काढली. "सर, साहेबाला सर्दी असली तर? हितं पावसात येतो त्याला असतीच."

वहिनी शेणाचे हात धूत होत्या. म्हणाल्या, "मग हुंगीन मी आणि सहीपण करीन मीच. आजवर कालवलंय कोणी?"